माऊली मुद्देमाल खोलीत जाणार नाही

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या, पण त्या मिरवणुकीची घटना अजून मनातून जात नाही. निवृत्त माणसाला लोक हमखास विचारतात, "साहेब, एखादी मोठी केस सांगा ना." त्यांना दरोडा हवा असतो, खून हवा असतो. मी ही केस सांगतो. हिच्यात रक्त नाही, पिस्तूल नाही. चोरीला गेलेली वस्तू बाजारात कोणी विकत तरी घेतली असती का, याचीही मला शंका आहे. तरी इतक्या हट्टाने दुसरा कुठला तपास केल्याचे मला आठवत नाही.

तेव्हा मी पेठकडच्या डोंगराळ भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कुटुंब नाशिक रोडला, मी इकडे सरकारी क्वार्टरमध्ये. ठाण्याच्या हद्दीत एक ख्रिस्ती वस्तीचे गाव होते. त्यातली माणसे हयात आहेत, म्हणून गावाचे किंवा कोणाचे नाव देत नाही. गावाचे दोन भाग होते. खालच्या पाड्यात चर्च, शाळा आणि नवा डांबरी रस्ता. वरचा पाडा टेकडीवर, तिथे जायला पायवाट. भात आणि नागलीची शेती करणारी, छाटणीच्या हंगामात द्राक्षबागांवर मजुरीला जाणारी माणसे.

दर ऑक्टोबरमध्ये तिथे मारियामातेच्या मूर्तीची पायी मिरवणूक निघायची. मूर्ती लाकडाची, हातभर उंच, मेणबत्त्यांच्या धुराने काळपट झालेली. गाव तिला माऊली म्हणायचे. महिनाभर ती रोज एका घरी वस्तीला जायची, तिथे जपमाळेची प्रार्थना व्हायची, यात्रेचा आठवडा आला की ती चर्चच्या कोनाड्यात परतायची, आणि सणाच्या दिवशी, म्हणजे यात्रेला, पालखीत बसून दोन्ही पाडे पायी फिरायची. बंदोबस्ताला मी आधी दोन वर्षे गेलो होतो, त्यामुळे रीतभात थोडीफार माहीत होती.

यात्रा चार दिवसांवर आली असताना सकाळी सकाळी चर्चचे फादर आणि यात्रा कमिटीचे अध्यक्ष ठाण्यात हजर झाले. मूर्ती गायब होती. फादर खुर्चीवर बसले. बोलत होते ते अध्यक्ष.

मी अज्ञात इसमाविरुद्ध चोरीचा गुन्हा नोंदवून घेतला आणि घटनास्थळाचा पंचनामा करायला स्वतः गेलो. चर्चचे कुलूप शाबूत होते, खिडक्यांचे गज जागच्या जागी होते. दानपेटीला कोणी हात लावला नव्हता. वेदीवरचे पितळी समईसारखे दिवे तसेच. फक्त माऊलीचा कोनाडा रिकामा. पैसा सोडून मूर्ती नेणारा चोर एक तर फार हुशार असतो किंवा चोरच नसतो. पण हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही. बाहेर खालच्या पाड्यातल्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या.

किल्ल्या दोनच. एक फादरांकडे, दुसरी चर्च झाडणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या माणसाकडे. गाव त्याला किल्लीदार म्हणायचे. पंचावन्नच्या पुढचा, हडकुळा, कमी बोलणारा गृहस्थ.

अध्यक्षांनी मला चर्चच्या मागे नेले. खबर देणाऱ्या माणसाचे मी आधी पाय बघतो. खरे सांगायला आलेला माणूस पाय रोवून उभा राहतो. अध्यक्षांचे पाय एका जागी ठरत नव्हते.

"साहेब, माझं नाव येऊ देऊ नका," ते म्हणाले. "पण किल्लीदाराला मागच्या आठवड्यात आमच्या एका पोरानं नाशिक रोडला बघितला. एका दुकानदाराशी घासाघीस करत होता. जुन्या मूर्त्यांचे लय पैसे देतात म्हणे तिकडे."

"दुकान कसलं?"

"ते पोरानं काय पाहिलं नाय. पण तो कधी नाशिकला जात नाय साहेब. याच वेळी का गेला?"

"किल्लीदाराचं आणि तुमचं काही वाकडं आहे का?"

"माझं कशाला वाकडं असंल? त्यानंच मीटिंगमध्ये तोंड वाजवलं. यंदा आम्ही ठरवलंय, माऊली सजवलेल्या टेम्पोतून डांबरी रस्त्यानं न्यायची. पायवाटेनं म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. तर हा म्हणे, वरच्या पाड्याचं काय?"

टेम्पोची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ती डोक्यात ठेवली आणि किल्लीदाराला चौकशीसाठी ठाण्यात बोलावले.

तो निमूटपणे येऊन बाकावर बसला. किल्ली माझ्याजवळ होती, कुलूप मी लावले होते, मूर्ती कुठे आहे माहीत नाय, या तीन वाक्यांपलीकडे तो जाईना. नाशिक रोडला गेला होतास का, तर म्हणाला गेलो होतो. कशाला, तर म्हणाला काम होते. माझा हवालदार तापट माणूस. तो दोनदा आत डोकावून गेला आणि दोन्ही वेळा मी त्याला डोळ्यांनीच बाहेर काढला. मारून बोलते केलेला माणूस तुम्हाला हवे ते बोलतो, खरे तेच बोलतो असे नाही. हे मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच शिकलो होतो.

माणूस बोलत नसला की मी तो काय विचारतो तिकडे लक्ष देतो. संध्याकाळपर्यंत किल्लीदाराने मला दोन गोष्टी विचारल्या. पाणी कुठे आहे, आणि घरी निरोप जाईल का. माऊली सापडली का, असे त्याने एकदाही विचारले नाही. ज्या मूर्तीवरची धूळ हा माणूस आयुष्यभर आपल्या उपरण्याने पुसत आला, ती हरवली आणि याला तिची काळजी नाही? गाव रडत होते आणि हा शांत बसला होता. मूर्ती सुखरूप आहे हे त्याला माहीत होते, एवढे मी मनाशी पक्के केले. ती विकलेली नाही, हेही पक्के केले, कारण विकणाऱ्याच्या तोंडावर असली शांतता नसते.

रोज हजेरी द्यायची या अटीवर मी त्याला घरी सोडले. त्यावरून अध्यक्ष भडकले. गावाच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरू लागला, खाली 'माऊली विकणारा' असे लिहिलेले. दुसऱ्या दिवशी तो हजेरीला आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर शेण होते. कोणी फेकले, विचारले तर म्हणाला, "पडलो साहेब." खालच्या पाड्यातली काही तरुण मंडळी वरच्या पाड्यात घराघरांत घुसून झडती घेण्याची भाषा करू लागली. मी चर्चजवळ चार शिपाई उभे केले आणि अध्यक्षांना सांगितले, "झडती घेण्याचा अधिकार माझा आहे. दुसऱ्या कोणी घेतली तर त्याला मी आत टाकीन, मग तो कमिटीचा असो नाहीतर कोणी असो." जाताना त्यांनी वरिष्ठांना फोन लावायची धमकी दिलीच. मी म्हटले, खुशाल लावा.

त्याच दिवशी एका शिपायाला किल्लीदाराचा फोटो देऊन नाशिक रोडला पाठवले होते. तो गडी चिकाटीचा. त्याने दुपारनंतर फोन केला.

"साहेब, दुकान सापडलं. पण मूर्तीवाला नाही. फरशीवर नावं कोरणारा आहे. किल्लीदारानं कबरीवर लावायचा दगडी क्रूस सांगितलाय. परवडत नाही म्हणून घासाघीस करत होता."

"कोणाच्या कबरीवर?"

शिपायाने नाव वाचून दाखवले. मी ते मोठ्याने उच्चारले तसा शेजारी बसलेला हवालदार म्हणाला, "अहो साहेब, हा तर आवणीतला पोरगा. पान लागलं होतं तो."

पान लागणे म्हणजे साप चावणे. त्या भागात सापाचे नाव घेत नाहीत. पावसाळ्यात भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू असताना वरच्या पाड्यातल्या एका तरुणाला पान लागले होते. झोळी करून खाली आणेपर्यंत सगळे संपले. त्या अकस्मात मृत्यूचे कागद आमच्याच ठाण्यात होते. तो किल्लीदाराच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. 'वरच्या पाड्याचं काय?' हा किल्लीदाराचा मीटिंगमधला प्रश्न मला आठवला.

मी महिला शिपायाला बरोबर घेतले आणि वरच्या पाड्याची वाट धरली. पायवाट खरोखरच अवघड होती. दम खात खात चढलो. वाटेत भाताची कापणी चालू होती, बायका कंबरेत वाकलेल्या, पण आमच्याकडे बघून कोणी हात थांबवला नाही. पोलीस बघून जे गाव कामच थांबवत नाही, त्या गावाला पोलीस येणार हे आधीच माहीत असते.

किल्लीदाराच्या बहिणीचे घर पाड्याच्या टोकाला होते. कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे सारवलेले अंगण. अंगणाच्या कडेला, बांधापाशी, चपलांचे तीन-चार जोड ओळीने काढून ठेवले होते. मी अंगणात पाय टाकणार तोच दारातून आवाज आला.

"साहेब, बूट तिकडंच काढा."

बोलणारी तीच, मेलेल्या मुलाची आई. केस विंचरलेले नाहीत, अंगावर विटके लुगडे. मागे तिची सून मांडीवर तान्हे मूल घेऊन बसलेली.

मी जागच्या जागी उभा राहिलो. त्या डोंगरात चपला दाराशी काढतात. अंगणाच्या बांधापाशी काढतात ते फक्त एका घरी, जिथे माऊली वस्तीला असते. मला स्वतःला बंदोबस्तात दोनदा तसे बूट काढावे लागले होते. आणि दुखवट्याच्या घरात तर माऊली वस्तीला येत नाही. मग या दुखवट्याच्या घरी बूट बांधापाशी कशाला? बाईने मूर्ती लपवली होती, पण मूर्तीचा मान मोडणे तिला जमले नव्हते. कोणी सराईत चोर असता तर चपला अंगणभर पसरून ठेवल्या असत्या.

मी वाकून बूट काढले. मोजेही काढले. महिला शिपाई माझ्याकडे बघतच राहिली.

अनवाणी अंगण ओलांडून मी दाराशी गेलो आणि विचारले, "माऊली आत आहे ना, बाई?"

ती बाजूला झाली. आत भाताच्या कणगीवर स्वच्छ धुतलेली हिरवी साडी अंथरून तिच्यावर माऊली ठेवली होती. समोर पणती. झेंडूची दोन फुले.

"भावानं आणली का?"

"नाय साहेब. मी आनली. त्यानं दार उघडं ठेवलं फकस्त. मीच त्याला म्हनले, तुला येसूची आन हाय, उघडं ठेव." मग ती खाली बसली. "त्याला मारलं का तुमी?"

"नाही मारलं. पण तुम्ही हे का केलंत?"

तिने जे सांगितले ते मी तिच्याच क्रमाने लिहितो. वर्षभरात ज्या घरात माणूस गेले, त्या घराच्या अंगणात मिरवणूक थांबते. गेलेल्याचे नाव मोठ्याने पुकारतात, सगळे जण आमेन म्हणतात, आणि माऊली अंगणातून पुढे गेली की त्या घराचे सुतक फिटते. तोवर घरातली बाई केस विंचरत नाही, घरात मंगल काही होत नाही. या घरात तर बाप गेल्यावर नातू जन्मला होता. त्याला अजून बाप्तिस्मा नव्हता, नाव नव्हते.

"टेम्पो खालून जानार म्हने," ती म्हणाली. "मंग माझ्या अंगनात कोन येनार? पोराचं नाव कोन पुकारनार? या लेकराला मी किती दिवस बिननावाचं ठेवू? मीटिंगला भाऊ बोलला, तर त्याला खाली बशिवला. आमचा नेम हाय साहेब, माऊली येकदा घरात आली का तिला खांद्यावर घेऊन पायीच न्यावी लागते. मी म्हनले, तिलाच घरी आनते. मंग येतीलच न्यायला."

खरे सांगतो, मला तिचा रागही आला आणि कौतुकही वाटले. अख्खे गाव, एक फादर, एक कमिटी आणि एक पोलीस ठाणे, सगळ्यांना या बाईने कामाला लावले होते.

आता अडचण माझी होती. गुन्हा नोंदवलेला, चोरीची वस्तू सापडलेली. नियमाप्रमाणे ती जप्त करून, लाख लावून सील करून मुद्देमाल खोलीत ठेवायची. आमच्या त्या खोलीत गावठी दारूचे कॅन, विहिरींवरून चोरलेल्या पाण्याच्या मोटारी आणि एक कुजके गोणपाट असायचे. तिथून वस्तू परत मिळवायची तर कोर्टाचा हुकूम लागतो, आणि कोर्टाच्या तारखा यात्रेसाठी थांबत नाहीत. हवालदाराला मी फोनवर सांगितले तसा तो म्हणाला, "साहेब, जीप पाठवू का मूर्तीला?"

"जीप पाठवू नकोस," मी म्हटले. "फादरांना पाठव, दोन पंच पाठव आणि कोरे कागद घेऊन तू स्वतः ये. सगळे चालत या."

ते आले. अध्यक्षही आले, धापा टाकत. फादरांनी बांधापाशी चपला काढल्या, आत जाऊन माऊलीपुढे गुडघे टेकले आणि बाहेर येऊन त्या बाईसमोर अंगणातच खाली बसले.

"बाई, तू मला येऊन सांगायचंस ना."

"भावानं सांगितलं होतं फादर. तुमी खाली बघत व्हते."

फादरांनी मान हलवली. माझ्याकडे वळून म्हणाले, "चर्चच्या पुस्तकात सुतक नाही, इन्स्पेक्टरसाहेब. पण या डोंगरात आहे. मी टेम्पोला हो म्हणायला नको होतं."

अध्यक्षांचे मात्र एकच चालू होते. "चोरी ती चोरीच साहेब. आज हिला सोडलं तर उद्या कोणीही उचलून नेईल. अटक करा."

तेव्हा मी त्यांना बाजूला घेतले आणि आवाज न चढवता सांगितले, "चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. तो इथं कुठं दिसतो ते मला दाखवा. आणि नाशिक रोडच्या दुकानदाराचा जबाब माझ्या फाइलला लागलाय. किल्लीदार तिथे भाच्याच्या कबरीचा क्रूस करायला गेला होता. तुम्ही मला काय सांगितलं होतंत, तेही मी लिहून ठेवू का? ग्रुपवर तो फोटो कोणी टाकला, त्याचाही तपास करू का?"

अध्यक्ष बांधावर जाऊन बसले.

वस्तू कोर्टापुढे नेणे सोयीचे नसेल तर बंधपत्र घेऊन ती जबाबदार माणसाच्या ताब्यात देता येते, अशी कायद्यात सोय आहे. मी तिचा आधार घेतला. अंगणात बसून पंचनामा केला, मूर्ती कागदोपत्री फादरांच्या ताब्यात दिली, आणि सणाच्या सकाळपर्यंत ती याच घरात राहील असे फादरांनीच बंधपत्रावर लिहून दिले. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा क समरी अहवाल मी पुढे न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. वरिष्ठांनी फोनवर विचारलेच, "एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? सरळ जप्त करायची होती." मी म्हटले, "सर, माऊली मुद्देमाल खोलीत जाणार नाही. हवं तर मला मेमो द्या." मेमो आला नाही.

सणाच्या दिवशी त्या गावात पहिल्यांदाच मिरवणूक वरच्या पाड्यातून सुरू झाली. खालच्या पाड्याची माणसे सकाळीच पायवाट चढून आली. म्हाताऱ्यांना तरुणांनी हाताला धरून आणले. किल्लीदाराच्या सदऱ्यावर शेण फेकणारेही त्यात असतील, मी शोधायला गेलो नाही. पालखी अंगणात उभी राहिली. गेलेल्याचे नाव पुकारण्याचे काम किल्लीदाराचे. त्याने घसा साफ केला, तोंड उघडले आणि त्याच्याकडून शब्द निघेना. ठाण्यात गप्प बसण्यात पटाईत असलेला तो माणूस तिथे बोलायची पराकाष्ठा करत होता आणि त्याला जमत नव्हते.

बहीण पुढे आली. "राहू दे दादा," ती म्हणाली. "मी घेते नाव."

तिने मुलाचे नाव पुकारले. आवाज समोरच्या डोंगरापर्यंत गेला असेल. सगळे आमेन म्हणाले. मग ती अंगणात बसली आणि रडायला लागली. सून मला म्हणाली, "घरधनी गेल्यापास्नं आई आज पैल्यांदा रडत्या."

पालखी खांद्यावर, उन्हं चढत चाललेली, खाली चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेची वेळ होत आलेली. अध्यक्ष पालखीचा पुढचा दांडा धरून उभे होते. ते हळूच मला म्हणाले, "साहेब, उशीर होतोय. पुढं निघायचं का?"

"होऊ दे उशीर," मी म्हटले. माझ्या एका शिपायाने तिला उठवायला पाऊल टाकले, त्यालाही मी हाताने अडवले. ती मन भरून रडली. मग स्वतःच उठली, तोंड धुतले, सुनेकडून नातवाला घेतले आणि पालखीच्या मागे चालू लागली. तेव्हा मी मिरवणूक पुढे सोडली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ज्या ज्या ठाण्याला गेलो, तिथे घरातली किंवा देवळातली साधी चोरी आली की तपासाला निघणाऱ्या शिपायाला एक प्रश्न आवर्जून विचारायला सांगायचो: या घरात, या आळीत अलीकडे कोणी गेलंय का? पोरं एकमेकांकडे बघून हसायची. मी तरी विचारायला लावायचो.